चीर पडण्याआधीचा एक तास

नाकाचा आकार बदलून घेतलेली, पोटावरची सैल कातडी काढून घेतलेली किंवा स्तनांचे ओझे कमी करून घेतलेली व्यक्ती रुग्णालयातून घरी निघते, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा पाच किंवा सात दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लिहिलेला असतो. घरची मंडळी त्या गोळ्यांच्या वेळा डोळ्यांत तेल घालून सांभाळतात, कारण जखम चिघळू नये ही सगळ्यांचीच इच्छा असते. पण जखमेचे रक्षण करणारा डोस असलाच, तर तो ऑपरेशन थिएटरमध्ये, पहिली चीर पडण्यापूर्वी, शिरेतून दिला गेलेला असतो. तो वेळेवर पडला असेल तर घरच्या गोळ्यांना करण्यासारखे काही उरत नाही, आणि तो हुकला असेल तर त्या गोळ्या ती चूक भरून काढू शकत नाहीत. प्रतिबंधक अँटिबायोटिकचे काम चिरेच्या थोडे आधी सुरू होते आणि शेवटचा टाका पडला की संपते, असे माझे म्हणणे आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेत तर हा नियम अधिक कसोशीने पाळला पाहिजे. तिथे टेबलावर झोपणारा माणूस निरोगी असतो. अपेंडिक्स फुटलेल्या रुग्णाला औषधाचे दुष्परिणाम सोसावे लागले, तर निदान दुसऱ्या पारड्यात त्याचा जीव असतो. स्वतःच्या इच्छेने नाक सरळ करून घेणाऱ्याच्या दुसऱ्या पारड्यात असे काही नसते, म्हणून त्याला दिलेल्या प्रत्येक अनावश्यक गोळीचा हिशेब द्यावा लागतो.

वेळेला इतके महत्त्व का, याचे उत्तर १९६१ साली बॉस्टनमधील शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी गिनीपिगवरच्या प्रयोगांतून दिले. त्यांनी प्राण्यांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले आणि अँटिबायोटिक कधी जंतूंच्या आधी, कधी बरोबर, तर कधी काही तासांनी दिले. औषध आधीच रक्तात असेल तर टोचल्या जागी जवळजवळ काहीच होत नसे. जसजसा उशीर होई तसतशी गाठ मोठी होत जाई, आणि सुमारे तीन तासांनंतर औषध दिलेल्या व न दिलेल्या प्राण्यांत फरकच उरत नसे. कारण समजायला अवघड नाही. कातडी कितीही स्वच्छ पुसली तरी केसांच्या मुळांशी आणि तेलग्रंथींमध्ये जंतू दडलेले असतात. सुरी फिरली की ते आत उतरतात. कापलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त साकळते, आणि त्या गुठळीच्या जाळ्यात अडकलेल्या जंतूंपर्यंत मागाहून आलेले औषध नीट पोहोचत नाही. औषध त्या गुठळीतच मुरलेले हवे, म्हणजे रक्त साकळण्यापूर्वीच ते रक्तात असले पाहिजे.

प्राण्यांत दिसले ते माणसांत खरे ठरते का, हे १९९२ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. नियोजित शस्त्रक्रियांच्या २,८४७ रुग्णांना अँटिबायोटिक नेमके केव्हा मिळाले, हे डेव्हिड क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. चिरेच्या आधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. चीर पडल्यानंतर तीन तासांच्या आत डोस मिळालेल्यांत हे प्रमाण १.४ टक्के होते आणि त्याहून उशिरा मिळालेल्यांत ३.३ टक्के. आणखी एक गट होता, ज्यांना औषध फार लवकर, दोन ते चोवीस तास आधीच, दिले गेले होते. त्यांच्यात प्रमाण ३.८ टक्के, म्हणजे सगळ्यांत जास्त निघाले. त्यामुळे ‘आदल्या रात्रीपासूनच गोळ्या सुरू करा’ हा सल्ला ऐकायला खबरदारीचा वाटला तरी उपयोगाचा नाही. आज सर्वाधिक वापरले जाणारे सेफाझोलिन हे इंजेक्शन चिरेच्या आधीच्या ६० मिनिटांत द्यावे, प्रौढांना २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा अधिक असेल तर ३ ग्रॅम, आणि शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे लांबली तर टेबलावरच पुन्हा एक डोस द्यावा, असे अमेरिकन तज्ज्ञसंघटनांनी २०१३ साली एकत्र येऊन ठरवले. व्हॅन्कोमायसिन हे औषध हळूहळू सोडावे लागते, म्हणून ते चिरेच्या आधीच्या दोन तासांत सुरू करायचे. सेफाझोलिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. कातडीवरच्या नेहमीच्या जंतूंसाठी ते पुरते. त्याच्या जागी महागडे, ‘जास्त पॉवरचे’ अँटिबायोटिक वापरल्याने साध्या स्वच्छ शस्त्रक्रियेत वेगळे संरक्षण मिळत नाही.

आता त्याआधीचा प्रश्न. हा एक डोस तरी प्रत्येकाला हवा का? शल्यशास्त्रात जखमांचे वर्ग पाडलेले आहेत, आणि बहुतेक सौंदर्यशस्त्रक्रिया पहिल्या वर्गात, म्हणजे ‘स्वच्छ’ जखमांत येतात. त्यांत आतडे उघडत नाही, पू नसतो, सूज नसते. कॅनडातील कॅलगरी इथल्या पीटर क्रूझ आणि रोझमेरी फूर्ड यांनी दहा वर्षे नेटाने नोंदी ठेवून ६२,९३९ जखमांचा आढावा १९८० साली मांडला, त्यात स्वच्छ जखमांमधील संसर्गाचे प्रमाण १.५ टक्के होते. औषधाने ते निम्म्यावर आणले असे धरले, तरी एका माणसाचा संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १३३ जणांना औषध द्यावे लागेल. चेहऱ्याच्या बाबतीत हे गणित आणखी ताणले जाते. चेहऱ्याची कातडी ओढून बसवण्याच्या, म्हणजे फेसलिफ्टच्या, ६,१६६ शस्त्रक्रियांचा एक आढावा १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा दाखल करावे लागेल इतका संसर्ग फक्त ११ जणांना झाला होता, म्हणजे ०.१८ टक्के. अशा वेळी औषधाने धोका निम्मा होतो असे मानले, तर असा एक संसर्ग टाळण्यासाठी अकराशेहून अधिक निरोगी माणसांना औषध टोचावे लागेल.

चेहरा इतका सुरक्षित का, याचा एक जुना दाखला पुण्याजवळचाच आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात चित्रासह छापून आले. युरोपातील प्लास्टिक सर्जरीला त्यातून नवी चालना मिळाली. जखमा जंतूंमुळे चिघळतात हेच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ सालची, पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. तरीही ते नाक जगले, कारण कपाळाच्या आणि चेहऱ्याच्या कातडीला रक्ताचा भरघोस पुरवठा असतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्या रक्तातूनच येतात. एका यशस्वी प्रकरणावरून नियम काढता येत नाही, हे खरे. ज्यांच्या जखमा सडल्या त्यांच्या हकिगती मासिकात छापून आल्या नसणार. पण मोठ्या संख्येने झालेल्या आधुनिक अभ्यासांनीही चेहऱ्याबद्दल हेच सांगितले आहे.

म्हणूनच अमेरिकन असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स या संघटनेने २०१५ साली उपलब्ध पुरावा चाळून जे एकमत जाहीर केले, त्यात सरसकट होकार नव्हता आणि सरसकट नकारही नव्हता. स्तनांच्या स्वच्छ शस्त्रक्रियेसाठी त्यांनी प्रतिबंधक डोसची शिफारस केली. हाताच्या, कातडीच्या, डोक्या-मानेच्या स्वच्छ शस्त्रक्रियांसाठी आणि पोटाच्या टमी टकसाठी मात्र ती केली नाही. स्तनांचा अपवाद समजण्यासारखा आहे. दूधनलिका स्तनाग्रातून बाहेर उघडतात आणि त्यांत जंतूंची वस्ती असू शकते, त्यामुळे बाहेरून स्वच्छ पुसलेला स्तन आतून तितका निर्जंतुक नसतो. रिचर्ड प्लॅट आणि सहकाऱ्यांनी हर्निया व स्तनांच्या शस्त्रक्रिया झालेल्या १,२१८ रुग्णांवर केलेली चाचणी १९९० साली प्रसिद्ध झाली. तीत एकाच डोसने जंतुसंसर्ग ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. इतका सरळ फायदा जिथे आहे तिथे डोस टाळणे ही चूक होईल. अँटिबायोटिकचा वापर कमी करा असे म्हणताना हा डोसही कोणी गाळू नये, याची मला काळजी वाटते.

स्तनरोपणात सिलिकॉनची वस्तू शरीरात कायमची राहते, त्यामुळे तिथे सावधगिरी आणखी रास्त आहे. १९५७ साली ब्रिटनमध्ये स्टीव्हन एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिले. पू होण्यासाठी काही दशलक्ष जंतू लागत होते. त्याच जागी रेशमाचा एक टाका घातला की काही शेकडा जंतू पुरत. एका दोऱ्याने शरीराची प्रतिकाराची ताकद इतकी खाली येते, तर तळहाताएवढ्या सिलिकॉनने काय होत असेल याची कल्पना करता येते. अशा पृष्ठभागावर जंतू चिकट आवरण तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. एकदा ते जमले की अँटिबायोटिक आत शिरत नाही, आणि शेवटी रोपण काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. इथेही मुद्दा पुन्हा वेळेचाच येतो. आवरण धरल्यानंतर दिलेली औषधे फारशी चालत नाहीत, हेच तर बायोफिल्मचे लक्षण आहे. त्याआधी, रोपण आत जाताना, रक्तात औषध हवे.

टाके पडल्यानंतर औषध चालू ठेवण्याच्या प्रश्नावर आता पुरेसे काम झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नये अशी ठाम शिफारस केली. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०१७ साली आणखी नेमके सांगितले: स्वच्छ शस्त्रक्रियेत जखम शिवून झाल्यावर पुढचा एकही डोस देऊ नये, जखमेत ड्रेनची नळी ठेवलेली असली तरीही. २०२० साली ५२ चाचण्यांतील १९ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा टाके पडल्यावर औषध चालू ठेवण्याचा निर्णायक फायदा आढळला नाही. नाकाच्या शस्त्रक्रियेबाबत २००५ सालची २०० रुग्णांची एक चाचणी आहे. त्यात काहींना एकच डोस आणि काहींना वर सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांमुळे संसर्ग कमी झाले नाहीत. मळमळ, जुलाब, पुरळ असा त्रास मात्र गोळ्या घेणाऱ्यांनाच जास्त झाला.

‘पण चार गोळ्या जास्त खाल्ल्या तर बिघडले काय?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो चांगल्या हेतूने घेतला जातो. बिघडते ते मोजले गेले आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील ७९,०५८ शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या, सांध्यांच्या, आतड्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या या शस्त्रक्रिया होत्या, म्हणजे सौंदर्यशस्त्रक्रियेपेक्षा जोखमीच्या. त्यांतही औषधाचे दिवस वाढवून जखमेचे संसर्ग कमी झाले नाहीत. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याची शक्यता मात्र वाढत गेली, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूमुळे होणाऱ्या आतड्याच्या तीव्र विकाराची शक्यता तीन दिवसांहून अधिक औषध मिळालेल्यांत साडेतीन पटींहून वर गेली. आतड्यातले उपयोगी जंतू मारले गेले की त्यांची जागा असे जंतू घेतात. शिवाय आपल्या शरीरावर टिकून राहिलेले चिवट जंतू आपण घरी नेतो आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना वाटतो. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. भारत सरकारने २०१४ साली अनेक अँटिबायोटिक औषधे ‘एच-१’ यादीत घातली, दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. पण चिठ्ठीच चुकीची लिहिली गेली तर दुकानदाराच्या वहीने काय साधणार?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. ‘हे नियम परदेशातले. आपली हवा, धूळ, पाणी, रुग्णालये वेगळी. इथे अँटिबायोटिकचे कव्हर दिले नाही तर पू होणारच.’ यात एक खरी गोष्ट आहे: आपल्याकडच्या सगळ्या ऑपरेशन थिएटरांची अवस्था सारखी नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून अँटिबायोटिक सुचवणे मला धोक्याचे वाटते, कारण अस्वच्छ पाण्यातून आणि अर्धवट निर्जंतुक उपकरणांतून येणारे जंतू या गोळ्यांना दाद देत नाहीत. २००३ आणि २००४ या वर्षांत अमेरिकेतून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये स्वस्तात पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायला गेलेल्या स्त्रियांच्या जखमा काही आठवड्यांनी वाहू लागल्या. त्याला कारण होता मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस नावाचा, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. त्याच्यावर सेफाझोलिन चालत नाही, नेहमीच्या गोळ्याही चालत नाहीत. अनेक महिने वेगळी औषधे द्यावी लागतात. आपल्याकडेही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर छिद्रांतून आठवड्यांनी पू येऊ लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांचे मूळ उपकरणे जंतुनाशक द्रवात पुरेसा वेळ न ठेवण्यात व नंतर पाण्याने विसळण्यात सापडले आहे. २०२३ साली मेक्सिकोतील मातामोरोस शहरात सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी पाठीतून भूल दिलेल्या लोकांना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला आणि अनेक जण दगावले. बुरशीवर अँटिबायोटिक चालण्याचा प्रश्नच नव्हता. रुग्णालय अस्वच्छ असेल, तर सात दिवसांच्या गोळ्या त्याच्यावर पांघरूण घालतात, दुरुस्ती करत नाहीत.

तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या मनातला आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. सौंदर्यशस्त्रक्रियेत तर रुग्ण स्वतःचे पैसे मोजून, मनात एक चित्र घेऊन आलेला असतो. जखम बिघडली तर ‘तुम्ही अँटिबायोटिक का दिले नाही?’ हा पहिला प्रश्न येईल, या भीतीपोटी हात आपोआप चिठ्ठीकडे वळतो. या भीतीला खरे उत्तर कागदावर आहे. कोणते औषध, किती मात्रेत, किती वाजता दिले आणि चीर किती वाजता पडली, हे भूलतज्ज्ञाच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेले असेल, तर शास्त्राला धरून वागल्याचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. सात दिवसांची चिठ्ठी तसा पुरावा होऊ शकत नाही. रोपणाच्या काही शस्त्रक्रियांत, विशेषतः कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवताना, ड्रेन असेपर्यंत औषध द्यावे असे मानणारे अनुभवी शल्यचिकित्सक आहेत. तिथला पुरावा इतर ठिकाणांइतका दाट नाही, आणि मतभेदाला जागा आहे. पण त्या अपवादाच्या आधाराने पापणीची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला कोर्स लिहून देणे योग्य ठरत नाही.

गोळ्यांवर जितका विश्वास टाकला जातो, त्याच्या निम्म्यानेही लक्ष ज्या गोष्टींकडे जात नाही त्या जखमेसाठी फार मोलाच्या आहेत. २००१ साली ब्रिटनमधील मेलिंग आणि सहकाऱ्यांनी स्तन, हर्निया आणि पायाच्या फुगलेल्या शिरांच्या स्वच्छ शस्त्रक्रिया झालेल्या ४२१ रुग्णांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेआधी निदान अर्धा तास ज्यांना ऊब दिली गेली, त्यांच्यापैकी ५ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला. ज्यांना ऊब दिली नाही, त्यांच्यात १४ टक्के. थंडीने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोहोचते, आणि औषधही त्या रक्तातूनच जायचे असते. थंडगार थिएटरबाहेर पातळ गाऊनमध्ये कुडकुडत बसलेल्या माणसाला एक उबदार पांघरूण देणे हासुद्धा जंतुसंसर्गावरचा उपाय आहे. आदल्या दिवशी ब्लेडने केस काढणे टाळले पाहिजे, कारण त्या बारीक कापांत रात्रभर जंतू वाढतात. काढायचेच असतील तर रुग्णालयात, ऐनवेळी, क्लिपरने काढावेत. तंबाखूचा हिशेब तर सगळ्यांत कडक आहे. थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले की फेसलिफ्टनंतर कातडीचा तुकडा मरण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांना सुमारे १२ पट असतो, आणि मेलेली कातडी म्हणजे जंतूंना वाढलेले ताट. आपल्याकडे ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई खरेपणानेच ‘नाही’ म्हणते, कारण मिश्री तिच्या लेखी तंबाखूत मोडत नाही. पण निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्या आवळते. डॉक्टरांनी मिश्री आणि गुटख्याबद्दल नाव घेऊन विचारले पाहिजे, आणि रुग्णाने संकोच न करता सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रिया करून घेणार असाल, तर आधीच्या भेटीत शल्यचिकित्सकांना तीन गोष्टी मोकळेपणाने विचारा: माझ्या शस्त्रक्रियेला प्रतिबंधक अँटिबायोटिकची गरज आहे का, असेल तर कोणते, आणि ते चिरेच्या किती आधी दिले जाईल. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे कधी सांगितले गेले असेल तर ते कळवा, आणि तेव्हा नेमके काय झाले होते हेही सांगा. असे सांगणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तपासणीत खरी ॲलर्जी नसतेच, आणि असली तरी सेफाझोलिन बहुतेकांना चालते. घरातल्या जुन्या पाकिटातली गोळी ‘आधीच’ घेऊन जाऊ नका. घरी आल्यावर जखमेभोवती लाली पसरू लागली, ठणका वाढला, पू दिसला किंवा ताप आला, तर मेडिकलमधून परस्पर औषध न आणता त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना जखम दाखवा. तेव्हा लागेल तो उपचार असेल, आणि त्याचे औषध, त्याचा कालावधी पूर्ण वेगळा असेल. आणि डिस्चार्ज कार्डावर कोर्स लिहिलेला दिसला, तर तो कशासाठी आहे हे घरी निघण्यापूर्वी जरूर विचारा.